जवळचं फाटतंय, लांबचं येईना

रेडिओ ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने सोलापूर मोठं मोक्याचं गाव. पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर पुणे, पूर्वेला तीनशे किलोमीटरवर हैदराबाद, आणि या दोघांपेक्षा कितीतरी जवळ गुलबर्गा. दिवसा गुलबर्ग्याचं कन्नड खणखणीत लागायचं, पुण्याचं मराठी कान देऊन ऐकावं लागायचं आणि दिवस मावळला की हैदराबादचं तेलुगू हळूहळू वर यायचं. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलणाऱ्या गावाला तिन्ही भाषांची केंद्रं होती. फक्त तिघांचा जोर सारखा नव्हता. ही गोष्ट त्या कमी-जास्त जोराची आहे. तिच्यातली माणसं कल्पनेतली आहेत. रेडिओच्या पोटातलं जे सांगितलं आहे ते मात्र जसंच्या तसं खरं आहे.

काळ 1975 च्या आसपासचा. रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागे आणि गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते. मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अण्णा मूळचे पूर्व भागातले, वडील मागावर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि रेडिओची पुस्तकं अडखळत, पण पुन्हा पुन्हा वाचलेली. दुकानातल्या फळीवर सेट ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे: नाव, तारीख, तक्रार. ज्या तारखेला सेट आला त्या क्रमाने तो टेबलावर घ्यायचा, हा अण्णांचा नियम.

दुकानात एक पोरगा शिकायला होता, सतरा-अठरा वर्षांचा. हात हुशार, सोल्डर असा सुबक की अण्णा स्वतः वाकून बघत. पण अण्णा बाहेर गेले की नियम बाजूला पडायचा. काउंटरवर जो मोठ्याने बोलेल त्याचा सेट आधी उघडला जायचा. पोरगा लाचखाऊ नव्हता आणि दुष्टही नव्हता. मोठा आवाज आला की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा, एवढंच. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, कचेरीत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत. आपण अन्याय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही, म्हणून त्यांना सांगायचं कसं हाच प्रश्न असतो.

एकदा अण्णा दोन दिवस अक्कलकोटला गेले होते. तेव्हा हॉटेलवाले शेठ दोन माणसांच्या खांद्यावर आपला वाल्वचा मोठा सेट घेऊन आले. पुढच्या बाजूला हिरवा डोळा असलेला तो सेट त्यांच्या हॉटेलाची शोभा होता. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्यातली सावली मिटत जायची आणि गिऱ्हाईक चहा विसरून तिकडे बघत बसायचं.

"बुधवारी गीतमालेला सगळी गल्ली माझ्याकडं जमते," शेठ म्हणाले. "आणि सिलोन मधेच बारीक होतंय. मला आवाज पाहिजे. चौकापर्यंत गेला पाहिजे."

1952 पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला हा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम सादर करणाऱ्या अमीन सयानींचा आवाज रेडिओ सिलोनवरून यायचा आणि अनेक हॉटेलांचा त्या रात्रीचा धंदा त्याच्यावर चालायचा. शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरग्याने कुठल्याशा मेकॅनिककडून एक युक्ती ऐकली होती. एव्हीसीची, म्हणजे आवाज आपोआप आवरणाऱ्या सोयीची, तार चॅसिसला टेकवली की सेट मोकळा सुटतो. त्याने तसं केलं. भर दुपारी सिलोन बारीक लागलं होतं, ते एकदम वर आलं. शेठ खूष झाले आणि पाच रुपये जास्त देऊन गेले. हिरवा डोळा आता सताड उघडा राहिला होता आणि स्टेशन लागलं तरी हलत नव्हता, हे दोघांनाही दिसलं नाही.

त्याच दिवशी काउंटरच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. विड्या वळणाऱ्या, पन्नाशीच्या, बोलणं इतकं हळू की शेजारच्यालाही पुन्हा विचारावं लागावं. त्यांचा दोन बँडचा छोटा ट्रान्झिस्टर बऱ्याच दिवसांपासून फळीवर होता. रात्री पानं कातरताना त्या हैदराबाद लावायच्या. ते यायचं बंद झालं होतं. पोरग्याने मागेच तो सेट दिवसा चालू करून बघितला होता. गुलबर्गा लागलं, जरा बारीक, पण लागलं. म्हणून त्याने निकाल दिला होता की सेटमध्ये काही नाही, जुना झालाय, लांबचं धरणार नाही. बाईंना ते पटत नव्हतं, आणि पटत नाही हे मोठ्याने सांगायची सवय त्यांना नव्हती. शेठ बोलत होते तोवर त्या थांबल्या, मग निघून गेल्या.

बुधवारी रात्री गल्ली जमली. आधी आवाज चौकापर्यंत गेला, शेठचा चेहरा फुलला. मग सिलोनची लाट चढली आणि सयानींचा आवाज फाटला. बाकड्यावरच्यांनी कानावर हात ठेवले. हॉटेलातल्या पोऱ्याने धावत जाऊन आवाज कमी केला. बारीक झाला, पण फाटलेलाच राहिला. मिनिटभराने लाट उतरली आणि सगळंच बुडालं. पोऱ्याने बटण पूर्ण फिरवलं, तेवढ्यात लाट परत आली. पुढचा सगळा वेळ पोऱ्या त्या बटणाला चिकटून होता आणि त्या आठवड्याचं पहिलं गाणं कोणतं ते गल्लीतल्या कुणालाच नीट कळलं नाही.

गुरुवारी सकाळी अण्णा परत आले तेव्हा शेठ त्यांच्या आधी दुकानात होते.

"काय अण्णा, हे काय करून ठेवलंय तुमच्या पोरानं? आवाज कमी केला तरी फाटतंयच की!"

अण्णांनी त्यांना बसायला स्टूल दिलं, सेट चालू केला आणि गुलबर्गा लावलं. फाटलं. काटा सरकवून बारीक येणारं एक स्टेशन लावलं. स्वच्छ आलं. मग ते पोरग्याकडे वळले.

"डोळा हलतोय का बघितलास?"

"मी बघितलोच नाही, अण्णा."

जुन्या मेकॅनिकांना ही खूण पक्की ठाऊक असायची. स्पीकर खराब असेल तर सगळीच स्टेशनं फाटतात. जवळचं फाटतं आणि लांबचं स्वच्छ येतं, तेव्हा दोष एकाच जागी, एव्हीसीच्या तारेवर, शोधायचा. तिथे बहुतेक वेळा एक जुना कागदी कंडेन्सर गळका झालेला असतो. इथे कंडेन्सर चांगला होता, पोरग्याच्या हाताने तार मेली होती. अण्णांनी ती तशीच राहू दिली. शेठना संध्याकाळी सेट पाठवतो म्हणून सांगितलं आणि पोरग्याला म्हणाले, "दिवेलागणीला सिलोन लावायचं. तू बटण धरून बसायचं. आवाज तासभर एकसारखा राहिला पाहिजे. आज तू एव्हीसी."

पोरगा बसला. पहिली दहा मिनिटं त्याला मजा वाटली. नंतर कपाळाला घाम आला. आवाज चढला हे त्याच्या कानाला कळायचं तेव्हा तो आधीच चढलेला असायचा; हात पोचायचा तोवर उतरायला लागलेला. आणि फाटणं काही केल्या जाईना. बटण थेट तळाला नेलं तरी जे यायचं ते फाटलेलंच.

"का जाईना?" अण्णांनी विचारलं.

पोरगा गप्प.

"कारण तुझा हात शेवटी आहे. आवाज फाटतो आत, पहिल्या-दुसऱ्या वाल्वमध्ये. बटण आहे त्याच्या पुढं. आत बिघडून आलेलं तू बाहेर फक्त बारीक करतोस."

अण्णांनी चॅसिस उलटा केला आणि वाट दाखवली. एरियलमधून आलेली लहर आधी मिक्सरमध्ये जाते, मग आयएफच्या, म्हणजे मधल्या कंपनसंख्येच्या, वाल्वमध्ये वाढते, मग डायोडपाशी पोचते. डायोड तिच्यातून गाणं वेगळं काढतो. पण तिथेच आणखी एक गोष्ट तयार होते. स्टेशन जितकं जोरात, तितका जास्त ऋण दाब. साधे सेट बनवणारे पूर्वी तो वाया घालवायचे. हा दाब एका तारेने मागे नेऊन पहिल्या वाल्वांच्या ग्रिडला दिला की वाल्व आपोआप आवळले जातात, त्यांचा गेन, म्हणजे लहर वाढवण्याची ताकद, उतरतो. स्टेशन क्षीण असेल तर दाब नाही, वाल्व पूर्ण मोकळे. त्यासाठी वाल्वही खास लागतो. ईएफ 89 सारख्या वाल्वच्या ग्रिडचे वेढे सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात, म्हणून तो एकदम बंद न पडता सावकाश आवळला जातो. एरियलवर येणाऱ्या स्टेशनांच्या जोरात हजारो पट फरक असतो. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तो फार थोडा उरतो, तो या एका तारेमुळे.

"हे शोधून कुणी काढलं?" पोरग्याने विचारलं.

"हॅरल्ड व्हीलर म्हणून अमेरिकेतला एक मुलगा. 1925 साल. वय 22. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याच्या आधी रेडिओ ऐकणारा प्रत्येक माणूस आत्ता तू बसलास तसा बटण धरून बसायचा. 1929 मध्ये फिल्को कंपनीच्या मॉडेल 95 मध्ये ही सोय बाजारात आली."

मला या शोधाचं नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे. तो काळ ताकदीचा होता. जो तो जास्त वाल्व, जास्त गेन, जास्त लांबचं स्टेशन यांच्या मागे होता. त्या गर्दीत या तरुणाने सेटला स्वतःचा आवाज मोजायला लावलं आणि त्या मोजमापावर स्वतःलाच आवर घालायला शिकवलं. सेट दुबळा न होता असं करता आलं, याचं कारण क्षीण लहर आली की तोच सेट स्वतःला पूर्ण मोकळा सोडतो.

पोरग्याच्या डोक्यात एक शंका आली, आणि ती चांगली होती. तो म्हणाला, "मग आवरायचंच तर पटकन का नाही आवरत? मधे हा रेझिस्टन्स आणि कंडेन्सर कशाला?"

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "वडील मागावर बसायचे तेव्हाचं सांगतो. बीमला वजन बांधलेलं असतं. ताण्याला ताण जास्त झाला की बीम थोडा फिरतो आणि सूत सोडतो. वजन फार कमी ठेवलं तर प्रत्येक ठोक्याला सूत सुटतं आणि कापड झिरझिरीत होतं. फार जड ठेवलं तर सुटतच नाही आणि धागे तुटतात. वजन किती ठेवायचं, सगळी कारागिरी तिथं."

सेटमध्ये ते वजन म्हणजे 10 लाख ओहमचा रेझिस्टन्स आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. दोघांचा गुणाकार सेकंदाचा दहावा भाग. याहून फार चपळ केलं तर एव्हीसी तबल्याच्या खालच्या ठोक्यालाच स्टेशनाचा चढउतार समजून दाबून टाकते. गाण्यातलं लहानमोठं सगळं सपाट होतं. फार संथ केलं तर आभाळात वीज कडाडली की त्या एका कडकडाटाने आवळलेला सेट नंतरही बराच वेळ बहिरा राहतो. चांगल्या सेटमध्ये आणखी एक खुबी असते. स्टेशन ठराविक पातळीच्या वर येईपर्यंत आवरणं सुरूच होत नाही. क्षीण स्टेशनाला मुळात कमी मिळालेलं असतं, त्यातलं काही कापायचं नाही, असा तो हिशेब.

"आणि स्टेशनांच्या मधे खरखर वाढते ती?"

"तिथं कुणी बोलत नसतं. हा मात्र पूर्ण कान उघडून वाट बघत असतो, म्हणून आभाळाची खरखर ऐकू येते. ती सोसावी लागते. आणि दुसरं ऐकून ठेव, सगळंच याला सावरता येत नाही. वरच्या थरातून परतलेल्या लहरी एकमेकींवर आदळून कधी गाण्याचेच तुकडे होतात. तिथं एव्हीसी काय करणार?"

या वरच्या थराची कथा वेगळी मोठी आहे. दिवसा वातावरणातला खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परत फिरून दूरवर पोचतात. हैदराबाद सोलापुरात रात्री वर येतं ते म्हणून. ॲपल्टन या शास्त्रज्ञाने 1924 मध्ये अशा चढउताराचाच अभ्यास करून तो वरचा थर आहे हे सिद्ध केलं आणि 1947 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच 1947 मध्ये कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ निघाला. अण्णांनी त्यांचं नाव आदराने घेतलं आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

पोरग्याने स्वतःच्या हाताने चॅसिसला टेकवलेली तार सोडवली. डोळ्यातली सावली सरसर मिटली. सिलोनची लाट चढत होती, उतरत होती, डोळा तिच्याबरोबर हलत होता आणि आवाज मात्र जागचा ढळत नव्हता.

तेवढ्यात शेठ सेट न्यायला आले. त्यांच्या मागे, काउंटरच्या कडेला, विडीवाल्या बाई.

"झालं का? सोडा लवकर, हॉटेल पोरांवर टाकून आलोय," शेठ दारातूनच म्हणाले. बाईंचे ओठ हलले. पोरग्याचा हात सवयीने शेठच्या सेटकडे गेला.

"शेठ, तुमचं बोलणं पोचलं," अण्णा म्हणाले. "बसा. चहा घ्या. अक्का, तुम्ही बोला."

बाई दचकल्या. मग तेलुगू-मराठी मिसळून हळूहळू सांगू लागल्या. रेडिओ जुना आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण गेल्या दिवाळीपर्यंत हैदराबाद येत होतं. जुना झाल्याने एकदम कसं बंद पडेल? आणि गुलबर्गाही पूर्वीपेक्षा बारीक येतंय. त्यांच्या बोलण्यात सगळं निदान होतं; ते बोलणं फक्त कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

अण्णांनी फळीवरचा सेट काढला, चिठ्ठीवरची तारीख पोरग्याला दाखवली आणि काही न बोलता मीटर त्याच्या हातात दिलं. पोरग्याने पहिल्या आयएफ ट्रान्झिस्टरच्या बेसला टोक लावलं. दाब असायला हवा त्यापेक्षा कमी. ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये आवरण्याची तार याच बेसला येते आणि ट्रान्झिस्टरला चालायला लागणारा दाबही तिथेच पोचतो. त्या तारेवर 10 मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर असतो. तो गळका झाला होता. आलेला दाब तो थोडा थोडा जमिनीत घालवत होता आणि ट्रान्झिस्टर कायमचा आवळलेला राहत होता. जोरदार गुलबर्गा त्यातूनही वाट काढून यायचं. हैदराबादला वाटच नव्हती.

पोरगा मीटरच्या काट्याकडे बघत राहिला. दोन्ही सेटचा दोष एकाच तारेवर होता. शेठच्या सेटवर त्याने आवरच काढून टाकला होता. बाईंच्या सेटला स्टेशन असो-नसो आवर बसला होता, आणि तो सेट त्याने तपासला होता तो गावात लागणाऱ्या सगळ्यात दणकट स्टेशनावर, भर दिवसा.

"अक्का," तो म्हणाला, "चूक माझी झाली. तुमचा सेट मी नीट बघितलो नाही."

नवा कंडेन्सर बसवायला काही मिनिटं लागली. बाहेर अंधार पडला होता. अण्णांनी सेट पोरग्याच्या हातून घेतला, बाईंच्या हातात दिला आणि स्टेशन त्यांनाच लावायला सांगितलं. त्यांनी काटा न बघता, अंगठ्याच्या सवयीने चाक फिरवलं. हैदराबाद लागलं. शेठ स्टुलावरून म्हणाले, "स्वच्छ येतंय की!" आणि त्यांनी पुढे पाच-दहा मिनिटं घाई केली नाही, हेही नोंदवायला हवं. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही; आधी थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंकडून अण्णांनी कंडेन्सरची तेवढी किंमत घेतली, मजुरी सोडून दिली. शेठच्या सेटचं काहीच घेतलं नाही, उलट ते पाच रुपये परत केले, कारण काम बिघडवण्याचे ते पैसे होते. दुसऱ्या दिवसापासून पोरग्याने चिठ्ठीवर एक रकाना वाढवला: कोणत्या स्टेशनावर तपासलं. त्या रकान्यात जवळच्या एका आणि लांबच्या एका स्टेशनाचं नाव लिहिल्याशिवाय दुकानातून सेट बाहेर जात नसे. लांबचं स्टेशन रात्रीच लागतं, म्हणून तेव्हापासून दुकान अंधार पडल्यावरही तासभर उघडं राहू लागलं.

तुमच्या घरात माळ्यावर एखादा जुना सेट असेल तर तो भंगारात घालण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. जवळचं फाटत असेल किंवा लांबचं येईनासं झालं असेल, तर स्पीकर बदलू नका, आधी तो कंडेन्सर बघायला सांगा. आणि दुरुस्त झालेला सेट ताब्यात घेताना फक्त जवळच्या दणकट स्टेशनावर तपासून घेऊ नका. रात्री जा, सगळ्यात क्षीण येणारं स्टेशन लावायला सांगा, आणि ते ऐकूनच पैसे द्या.